अण्णांचा सिटिंग बॅलन्स आणि कागदावरची एक ओळ

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती : 'सिटिंग बॅलन्स फेअर', म्हणजे बसण्याचा तोल बरा. त्या ओळीचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली, आयसीयू, एमआरआय, सगळं होत गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकले ती इथे.

रिहॅब सेंटरला फोन केला तर पहिलाच प्रश्न : "आधाराशिवाय बसतात का? स्कोअर सांगा." कार्डावर आकडा नाही. वॉर्डात गेले, तर सिस्टर म्हणाल्या फाइल क्लोज झाली, फिजिओला विचारा. फिजिओ विभाग म्हणाला वॉर्डाची चिठ्ठी आणा, नाहीतर ओपीडीचा केस पेपर काढा. केस पेपरच्या खिडकीवर सांगितलं, अहो, तुमचं ॲडमिशन चालू दिसतंय, बिल क्लिअर झाल्याशिवाय नवा पेपर निघणार नाही. आणि बिल? ते कॅशलेसच्या मंजुरीवर. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात माझा बाप एका आकड्यापायी ना ॲडमिट, ना डिस्चार्ज.

बरं, हे 'फेअर' आलं कुठून? राउंडच्या वेळी पलंगाचं डोकं वर केलेलं, पाठीला दोन उशा, उजव्या हाताने कठडा धरलेला. असं तर गव्हाचं पोतंही बसतं. शेवटी मी फिजिओ विभागाच्या दारातच ठाण मांडलं, आवाजही चढवला, तेव्हा एक तरुण मॅडम वॉर्डात आल्या.

खरी तपासणी मी तेव्हा पाहिली. त्यांनी पलंग खाली घेतला, अण्णांना कडेला बसवलं, पावलं पूर्ण टेकवली, गुडघे काटकोनात, पाठीला काही नाही. "काका, दोन्ही हात मांडीवर. दहा सेकंद." उजवा हात गादीवरून सुटला आणि अण्णा डावीकडे कलंडले. मॅडम त्याच बाजूला उभ्या होत्या म्हणून बरं. सरळ करायला गेलं तर चांगल्या हाताने गादी रेटून आणखी डावीकडेच ढकलायचे. भाऊ वैतागला, "अण्णा, मुद्दाम करताय का?" मॅडम म्हणाल्या, नाही हो, सरळ बसवलं की त्यांच्या मेंदूला आपण कललोय असं वाटतं. याला पुशर म्हणतात.

त्यांनी वापरली ती ट्रंक इम्पेअरमेंट स्केल, बसल्यावर धड किती सावरतं ते मोजणारी. 17 बाबी, 23 गुण. पहिलीच बाब ही दहा सेकंदांची. ती जमली नाही तर पुढचं तपासतच नाहीत, एकूण शून्य. कागदावर लिहिलं : 23 पैकी 0, डावीकडे पडतात, पुशर. माझ्या पोटात गोळाच आला, पण त्या शून्यावर काम हललं. रिहॅबने तो कागद बघून पहिले काही दिवस फक्त कण्यावर आणि धडावर काम ठेवलं, चालवायची घाई केली नाही.

काही ठिकाणी फक्त बर्ग स्केल करतात, तोल मोजायचीच दुसरी स्केल. तिच्यातही हात न टेकता दोन मिनिटं बसायची बाब आहे, पण 14 पैकी बहुतेक बाबी उभं राहून करायच्या. बसताच न येणाऱ्या माणसाचं त्यातून फारसं कळत नाही.

आणि हो, एअर बेडवर ही तपासणी करू देऊ नका. फुगलेल्या गादीवर धडधाकट माणूसही डुलतो. पावलं लोंबकळत असतील तर खाली पाट मागा. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तेच करायचा. एकदम बसवलं की बीपी उतरून चक्कर येते, जरा थांबून मग मोजायला सांगा.

सध्या अण्णा 23 पैकी 14 वर आहेत. डावीकडचं कुल्लं उचलायच्या बाबीत अजून गुण जातो आणि मॅडम नेमकं तेच आधी करायला लावतात म्हणून त्यांच्यावर चिडतात. डिस्चार्ज कार्ड हातात घेण्याआधी स्केलचं नाव, आकडा आणि पडण्याची बाजू लिहून मागा. बिल भरल्यावर त्या खिडकीवर कुणी मान वर करून बघत नाही.