घरी कळेल का?

नैराश्याच्या तपासणीला गेल्यावर दार लागताच मी डॉक्टरांना विचारलं, "हे घरी सांगणार का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या जिवाला धोका वाटला तरच, आणि शक्यतो आधी तुला सांगून." (अठरा पूर्ण नसतील तर नियम जागोजागी वेगळे असतात, सुरुवातीलाच विचारून घ्या.)

मग ९ प्रश्नांचा कागद आला. गेल्या २ आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह. प्रत्येकाला ० ते ३ गुण. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे पेन अडलं. त्यांनी घाई केली नाही. मी खरं तेच लिहिलं.

थायरॉइडची तपासणीही सांगितली. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आत सुरुवातीला मरणाचे विचार वाढूही शकतात. "वाढले तर लगेच फोन कर, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस," असं त्यांनी दोनदा बजावलं.