तुम्ही विचारलंत म्हणून: ८ मार्चला बायकांसाठी काय करायचं?

फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात. कुणाची पतपेढी असते, कुणाचं दागिन्यांचं दुकान, कुणाची आमच्यासारखीच देणग्यांवर चालणारी संस्था. "तुम्ही इतकी वर्षं जाहिरातीत होतात, आता संस्थेचं बघता, बायकांपर्यंत पोचायचं कसं तेवढं सांगा. ८ मार्चला काहीतरी करायचंय." काहीतरी म्हणजे काय ते त्यांचं ठरलेलंच असतं: गुलाबी फ्लेक्स, फेटे बांधून सेल्फी, दहा टक्के सूट आणि कुणा 'कर्तृत्ववान' बाईला शाल-श्रीफळ. माझ्याकडून फक्त घोषवाक्य हवं असतं.

एकदाच नीट लिहिते, म्हणजे दरवर्षी घसा कोरडा करायला नको.

आधी लिज्जतचा विषय संपवू, कारण तो निघतोच. "लिज्जतसारखं काहीतरी करू या." अहो, १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ती गोष्ट गिऱ्हाईक बायकांची नाहीच. ती मालक बायकांची आहे. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणींचा नफ्यात वाटा असतो. तुम्ही वाटा देणार आहात का? नाही ना? मग पुढे चला.

मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. योजनेच्या नावात 'सन्मान' आहे, पण सन्मानाला भुलून कुणी गाडीत बसली नाही. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जायचंच होतं, तिकिटाचे पैसे बघून बेत रद्द होत होते. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "आम्हाला एवढी सूट परवडणार नाही हो." कबूल. पण मग 'बायकांना काय हवंय तेच कळत नाही' असं तरी म्हणू नका. कळलेलं असतं, परवडत नसतं.

एजन्सीत असताना मी नेमकं याच्या उलट बोलायचे. बाई हिशोबाने नाही, मनाने घेते, हे माझं ठरलेलं वाक्य. तेसुद्धा जाहिरातीतली ललिताजी तोंडपाठ असताना! १९८०च्या दशकात स्वस्त निरमाने घाम फोडल्यावर सर्फने उभी केलेली ती बाई पै-पैचा हिशोब मांडणारी होती. पण त्या वेळच्या मला आज गाठलं, तर ती म्हणेल, "माल खपला ना?" खपला. तिला गप्प करायला माझ्याकडे आजही काही नाही.

देणग्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे बाईला माल विकायचा नसतो, तिचं देणं ओळखायचं असतं, आणि तेवढंच आम्हाला जमत नाही. चेक बाईच्या खात्यातला, सही तिची, आणि आभाराचा फोन यजमानांना. जुन्या रजिस्टरात पानोपानी 'सौ. अमुक, द्वारा श्री. तमुक' आहे. २०२१-२२ पासून देणगीदारांची नावं पॅन-आधारसारख्या क्रमांकासकट आयकर खात्याला कळवावी लागतात, म्हणून निदान कागदोपत्री तरी तिची देणगी तिच्या नावावर पडायला लागली. म्हणजे हे आम्ही नाही केलं, इन्कम टॅक्सने केलं.

आता ते सांगते, ज्यामुळे फोनवर माझा आवाज चढतो आणि तुम्हाला वाटतं, या बाई खवट आहेत.

आमचं मुलींचं वसतिगृह आहे. एका संक्रांतीला देणगीदार बायकांचं हळदीकुंकू करायचं ठरलं. मुलींनी शिवलेल्या कापडी पिशव्या वाण म्हणून, तिळगूळ, मसाला दूध. मी म्हटलं, नुसता तिळगूळ समारंभ म्हणा आणि सगळ्यांना बोलवा. आमच्या खजिनदार, त्याही बाईच, म्हणाल्या, "पत्रिकेवर हळदीकुंकू नसेल तर कुणी उठून येत नाही." पत्रिका तशीच छापली.

कार्यक्रम झाल्यावर एका बाईंचा फोन आला. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. दर जूनला स्वतःच्या पेन्शनमधून एका मुलीचा वर्षाचा सगळा खर्च देतात. आदल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले होते. "अगं, माझी पत्रिका पोस्टात गहाळ झाली का?"

मी यादी काढली. त्यांच्या नावावर पेन्सिलीची रेघ होती. पट्टी लावून मारलेली, सरळ, हलक्या हाताने. ऑफिसातल्या ताईंना विचारलं. "त्यांना वाईट वाटायला नको म्हणून, मॅडम." खरंच काळजीने केलं होतं हो तिने, रागवायची सोय नव्हती.

मी बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येणार नव्हतेच गं. पण नाही म्हणायचं ते माझं मी म्हटलं असतं." मी गडबडीने म्हणाले, पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही याच, पुढच्या रांगेत बसा. "म्हणजे तुमच्या सुधारणेचा पुरावा म्हणून?"

जूनमध्ये चेक आला, नेहमीच्या रकमेचा. सोबतच्या चिठ्ठीत एरवी मुलीच्या मार्कांची चौकशी असायची, दोन ओळी घरच्या असायच्या. या वेळी फक्त चेक नंबर आणि तारीख. आणि आमच्या संगणकाने पावती काढली ती 'सौ.' लावून! हळदीकुंकवाच्या यादीतून ज्या कारणाने नाव काढलं, ते कारण पावतीच्या यादीला माहीतच नव्हतं. ती पावती मी हातात धरली म्हणून दिसलं, नाहीतर टपालात गेलीच होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनीही करावा म्हणून सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. आम्ही शहरातले, शिकलेले. आमच्यासाठी ते नव्हतंच.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट. त्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायकांनी जेवढा हात सैल सोडला, तेवढा कधीच सोडला नव्हता. पर्समधून नोटा काढून द्यायच्या आणि पावती नको म्हणायच्या. आमच्या माहितीपत्रकावर पहिली ठळक ओळ '८०जीखाली करसवलत'. यातल्या बऱ्याच जणींना स्वतःच्या नावाने कर भरावाच लागत नाही, त्यांना त्या ओळीचं काय? एकीने शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, "इंग्रजी जड जातं का गं?" आता ती शनिवारी शिकवायला येते. म्हणजे खजिनदारबाई बरोबर होत्या, त्या आल्या त्या 'हळदीकुंकू' वाचूनच.

पंडिता रमाबाईंना हे कोडं पडलं नसावं. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन झाली. ठिकठिकाणच्या अमेरिकन बायकांनी 'रमाबाई सर्कल' काढून दहा वर्षं दरसाल थोडी थोडी रक्कम द्यायचं कबूल केलं, आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. कुणासाठी, तर मुख्यतः विधवांसाठी. म्हणजे एका दिवसाच्या उत्साहावर नाही, दहा वर्षांच्या शब्दावर. तुम्ही मला एका दिवसाचं विचारता.

तरी ८ मार्चचं सांगते. फ्लेक्स वाटेल त्या रंगाचा लावा. पण त्याआधी तुमची यादी उघडा आणि पैसे कुणी दिले, आभार कुणाचे मानले, हे एकाखाली एक लिहा. दोन रकाने जुळले नाहीत तर घोषवाक्याने जुळणार नाहीत.

आमचे तरी कुठे जुळलेत? पुढच्या संक्रांतीच्या पत्रिकेवर 'हळदीकुंकू व तिळगूळ' असा मधला मार्ग निघालाय, यादीतून कुणालाही न गाळता. त्या बाईंना ती पाठवावी असं मी म्हणते. खजिनदार म्हणतात, आधी फोन करून विचारा. म्हणजे पुन्हा त्यांनाच वेगळं काढणं आलं, कारण बाकीच्या कुणाला आपण विचारत नाही. पण न विचारता 'हळदीकुंकू' लिहिलेली पत्रिका त्यांच्या हाती पडावी, हेही मला धड वाटत नाही. यावर आमच्या दोन बैठका चहावर संपल्यात.