राहू दे, मी उचलते

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज व्यायामशाळेत डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहायचं. बार उचलला तेव्हा एकूण ५० किलो होते. बार २० चा, दोन्ही बाजूंना दहाची एकेक आणि पाचची एकेक प्लेट. पाच वेळा उचलला. पाचव्या खेपेला गुडघ्यापाशी येऊन बार अडला. वाटलं, सोडावा. मागून शिकवणाऱ्या मुलाचा आवाज आला, "काकू, घाई नको. टाचा जमिनीत रोवा." टाचा रोवल्या आणि बार हलला. उभी राहिले. माझं स्वतःचं वजन ५६ किलो आहे, वय ५८.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहा ठेवला आणि विचारलं, "पाठ दुखत नाही ना?" नाही दुखत. हा प्रश्न गेले चौदा महिने दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी विचारला जातो. त्यात काळजी आहे हे मला कळतं.

हे सगळं सुरू झालं ते मनगटावरून. तीन वर्षांपूर्वी श्रावणात उंबऱ्याबाहेरची फरशी धुताना पाय घसरला, डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.६ आला. उणे २.५ पासून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात, म्हणजे मी रेषेच्या पलीकडे गेले होते. रिपोर्ट पाहून एका डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही." मी ते अक्षरशः पाळलं, वर्षभर. बाजारातली पिशवी ह्यांच्या हातात, पिठाचा डबा शेजारच्या मुलाच्या हातात. वर्ष संपताना लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येईना. नणंदेच्या घरी सत्यनारायणाला खाली बसले, तर उठताना दोघींनी काखेत हात घालून उठवलं. त्या दोघी माझ्याहून मोठ्या होत्या.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी आधी मला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तीनदा उठले, चौथ्यांदा नाही. त्या म्हणाल्या, हाडावर भार आला नाही तर शरीराला ते हाड जपायचं कारणच उरत नाही. गोळ्या चालू ठेवा, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू ठेवा, पण भार घ्यायला लागा. हळूहळू, आणि शिकवणारं माणूस समोर असतानाच. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली : पाठीची कमान करून वाकायचं नाही. खुब्यातून वाकायचं, पाठ फळीसारखी. मणका ठिसूळ असताना गोल पाठीनं उचलणं धोक्याचं.

पहिल्या दिवशी हातात आठ किलोचं डंबेल होतं. दोन्ही हातांनी.

गुरुवार

आज स्क्वॉट होते, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा, त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. ३० किलो, तीन सेट, बरं झालं.

घरी येऊन हात धुताना तळहात बघितले. उजव्या हाताला, करंगळीच्या शेजारच्या बोटाच्या बुडाशी, एक पिवळट घट्टा आलाय. बारच्या खरबरीत पट्ट्यावर कातडी घासून घासून आलेला. अंगठ्यानं दाबला तर वाळल्या चिंचोक्यासारखा लागतो. आणि एकदम आईचा हात आठवला. तिला इथेच घट्टा होता, जात्याच्या खुंट्याचा. लहानपणी ती थोपटून झोपवायची तेव्हा तो गालाला लागायचा.

आईनं व्यायाम असा शब्द स्वतःसाठी कधी वापरला नाही. पहाटे जातं, मग कृष्णेवरून पाणी, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर दुसरी, ओला घाट चढून. पाट्यावर मिरची वाटायची, उखळात तिखट कुटायचं, सुगीत ज्वारीची पोती दुसऱ्या बाईच्या हाताला हात लावून ओट्यावर चढवायची. हे कष्ट होते आणि ते तिनं निवडलेले नव्हते. मी त्या दिवसांचं कौतुक सांगत नाही. त्या कष्टांनी तिच्या समवयस्क कितीजणींचे गुडघे गेले, गर्भाशय खाली आलं, ते मी पाहिलंय. पण ती सत्तरीत आमच्याकडे राहायला आली तेव्हा ताठ होती. जमिनीवरून एका हातात परात घेऊन उठायची.

मग आम्ही तिला बसवलं. "आई, राहू दे, मी घेते." "आजी, तुम्ही बसा." भाजीची पिशवी घेतली, बादली घेतली, पाट घेऊन खुर्ची दिली, शेवटी बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. सगळं प्रेमानं. तिचे दंड आठ वर्षांत काडीसारखे झाले आणि आम्ही म्हणालो, वय झालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्री पलंगावरून उतरताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पण वॉकर धरून उभं राहायला लागते तेवढी ताकद मांड्यांत उरली नव्हती. सहा महिन्यांत गेली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. तिच्या हातातलं ओझं मीच काढून घेतलं होतं.

शुक्रवार

झोप नीट लागली नाही. सकाळी लेकीचा पुण्याहून फोन आला, तिनं पाठवलेलं वाचलंस का म्हणाली. वाचलं. १९९० सालचा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या बॉस्टनमधला. वृद्धाश्रमातली दहा माणसं, वयं ८६ ते ९६. आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं, पोरखेळ नाही. नऊजणांनी पूर्ण केलं. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतला स्नायू मात्र साधारण ९ टक्केच वाढला होता. दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर कसं, हे मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, आधी मज्जातंतू शिकतात गं. निजलेले स्नायूतंतू कामाला लावायला मेंदू शिकतो, स्नायू मागाहून भरतो.

हे मला स्वतःच्या अंगात जाणवलं होतं. पहिल्या दोन महिन्यांत आरशात काही फरक नव्हता, आणि बरणीचं झाकण मात्र फिरायला लागलं होतं.

तिनं आणखी एक दिलंय, ऑस्ट्रेलियातलं, २०१८ साली छापून आलेलं. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. त्यांतल्या एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली जड डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बार उचलणं. त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. २.९ हा आकडा छोटा वाटतो. पण जी गोष्ट दरवर्षी झिजतच जाणार असं ज्याला सांगितलेलं असतं, त्याला तो छोटा वाटत नाही.

नव्वदीतल्या त्या माणसांचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. आई अठ्ठ्याहत्तरची होती.

शनिवार

व्यायामशाळेत आज पोरांची गर्दी. आमच्या सांगलीत वेटलिफ्टिंगचं वेड आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. संकेत सरगर इथलाच. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं २४८ किलो उचलून रौप्य आणलं. वडिलांची पानाची टपरी. शेवटच्या उचलींत कोपर दुखावलं, आणि मलेशियाचा खेळाडू २४९ उचलून सुवर्ण घेऊन गेला. एका किलोनं. त्याच वर्षी त्याची बहीण काजल हिनं खेलो इंडियात ४० किलो गटात ११३ किलो उचलून सुवर्ण मिळवलं.

मला हे सव्वा किलोच्या प्लेट लावताना हमखास आठवतं. आमच्या इथली सगळ्यांत छोटी प्लेट तीच, हातात चकलीच्या सोऱ्याच्या ताटलीएवढी दिसते. दोन्ही बाजूंना लावली की अडीच किलो वाढतात. चौदा महिने मी ह्याच छोट्या प्लेटांवर वर चढलेय. काही आठवडे एकही वाढली नाही. दिवाळीत फराळाच्या गडबडीत दोन आठवडे बुडाले तेव्हा पाच किलो खाली यावं लागलं, ते परत यायला महिना गेला.

शेजारी एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी स्नॅच करत होती, म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर. माझं डेडलिफ्ट बघत थांबली आणि म्हणाली, "आज्जी, तुमची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे." घरी येईपर्यंत ते वाक्य मी मनात घोळवत होते.

जेवणाचं लिहून ठेवायला हवं. वजन उचलायला लागले तरी पहिल्या दोन महिन्यांनंतर ताकद फारशी वाढेना. फिजिओ बाईंनी दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री खिचडी. प्रथिनं चाळीस ग्रॅमही भरेनात. या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हवं, म्हणजे मला साठ-सत्तर. उसळ घरात रोजच होते की, म्हटलं. मग लक्षात आलं, उसळीतली मटकी ह्यांच्या आणि मुलांच्या ताटात जाते आणि सगळ्यांत शेवटी बसणाऱ्या माझ्या वाटीत कट येतो. पातेल्याच्या तळाचा रस्सा, चार दाणे. तीस वर्षं असंच. आईचंही असंच असणार, तिच्या ताटात कधी कुणी डोकावलं? आता मी आधी माझ्या दोन वाट्या काढून बाजूला ठेवते. दही लावते, दोन अंडी उकडते. जाऊबाईंना अंड्यांचं पटत नाही. चालायचंच.

रविवार

सकाळी गॅसचं सिलिंडर आलं. आतला गॅस १४.२ किलो, रिकामी टाकी त्याहून थोडी जास्त, सगळं मिळून तीसच्या आसपास. पोरगा दारात ठेवून म्हणाला, "मावशी, आत ठेवू का?" हे आतून म्हणाले, "थांब, मी येतो." मी टाचा रोवल्या, पाठ सरळ, श्वास पोटात भरून धरला, दोन्ही हातांनी कडं पकडलं. ओट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. ठेवलं. ह्यांनी नुसतं बघितलं आणि पोराचे पैसे दिले.

दुपारी हे म्हणाले, "मंगळवारी मीही येऊ का तुझ्याबरोबर?" त्यांचं वय ६३, गुडघा कुरकुरतो. आठ किलोचं डंबेल तिथेच कोपऱ्यात आहे.

मटकी भिजत घातलीय, दोन मुठी जास्त. मंगळवारी साडेबावन्न.