पिवळं कार्ड, रिकामी लायब्ररी आणि बाबांची घंटा

परवा सकाळी साडेसातला आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे दुपारचे बारा, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि इकडे बाहेर अजून मिट्ट काळोख आणि मी आमच्या वस्तीतल्या लायब्ररीत एकटी. एकटी म्हणजे अक्षरशः एकटी, काउंटरवर कोणी नाही, दारावर वॉचमन नाही. आईचा पहिला प्रश्न, "अगं मग पुस्तकं कोणी उचलून नाही का नेत?"

म्हटलं, आई, फुकटच मिळतात, उचलून काय करणार. पण खरं सांगू, पहिल्यांदा आले तेव्हा मलाही हेच वाटलं होतं.

मी राहते डेन्मार्कमध्ये, ऑर्हुसला. इथे लायब्ररीतली माणसं त्यांच्या वेळेत असतात आणि घरी जातात, पण लायब्ररी बंद होत नाही. दाराशी आपलं पिवळं कार्ड स्कॅन करायचं, पिन टाकायचा, आत जायचं, मशीनवर पुस्तक ठेवून आपलं आपण नावावर टाकायचं, निघताना दिवे पण आपोआप जातात. कॅमेरे आहेत, आणि काही ठिकाणी पोरांनी धिंगाणा घातला म्हणून या बिनमाणसाच्या वेळा कमी पण केल्यात, सगळं गोड गोड नाहीये. पण आमच्या गावातलं वाचनालय आठवा, संध्याकाळी साडेपाच ते आठ, ग्रंथपाल काका आजारी पडले की दाराला कुलूप.

ते पिवळं कार्ड म्हणजे खरं तर हेल्थ कार्ड. त्यावर आपल्या डॉक्टरचं नाव, फोन नंबर आणि आपला दहा आकडी सीपीआर नंबर, म्हणजे इथला प्रत्येकाचा ओळख क्रमांक. पहिले सहा आकडे जन्मतारीख, शेवटचा आकडा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर बाई. 1968 पासून ही पद्धत आहे, म्हणजे कॉम्प्युटर एका खोलीएवढा होता तेव्हापासून, म्हणून मला हसू येतं जेव्हा लोक म्हणतात की डेन्मार्क अ‍ॅपमुळे डिजिटल झालं. वह्या आधीच नीट होत्या हो. दवाखाना, टॅक्स, शाळा, लायब्ररी, सगळीकडे तोच एक नंबर, त्यामुळे प्रत्येक खिडकीवर नव्याने झेरॉक्स द्यायला लागत नाही.

आता माझी फजिती. इथे 2014 पासून सरकारी पत्र कागदावर येत नाही, 15 वर्षांवरच्या प्रत्येकाला डिजिटल पोस्टबॉक्स घ्यावाच लागतो, ज्यांना जमत नाही त्यांनी अर्ज करून सूट घ्यायची. आणि नियम असा की पत्र त्या बॉक्समध्ये पडलं की ते तुम्हाला मिळालं, तुम्ही उघडा नाहीतर नका उघडू. मी नवीन होते, डॅनिश येत नव्हतं, एका ऑफिसचं पत्र तीन आठवडे तसंच पडून राहिलं आणि मुदत गेली, दंड भरला. भांडायला खिडकीच नाही, भांडणार कोणाशी! त्या दिवशी मला आपल्याकडच्या सेतू केंद्रातली गर्दी, त्यातला तो "मॅडम इकडे सही राहिली" म्हणणारा मुलगा, फार आठवला.

तो मुलगा इथेही असतो, फक्त लायब्ररीत बसतो, आणि बऱ्याचदा तो सत्तरीचा असतो. ठरलेल्या दिवशी आयटी मदतीचा तास असतो, एल्दरे सेयन म्हणून ज्येष्ठांची मोठी संस्था आहे, तिचे स्वयंसेवक बऱ्याच ठिकाणी हे काम करतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, ऐंशी उलटलेल्या, तिथे फोन घेऊन जातात. आधीच्या लॉगिनला पुठ्ठ्याचं कोड कार्ड असायचं, नंबर बघून टाइप करायचे, ते त्यांना जमायचं, मग ते जाऊन मित-आयडी नावाचं अ‍ॅप आलं आणि आजी चिडल्या. शिकल्या मात्र. आणि 2025 च्या शेवटी इथल्या जुन्या पोस्ट कंपनीने पत्रं वाटणंच बंद केलं, रस्त्यावरच्या लाल पेट्या उचलून नेल्या, तेव्हा आजी मला म्हणाल्या की नातवाच्या वाढदिवसाचं कार्ड आता कुणाच्या हातून पाठवू. दुसरी एक कंपनी पत्रं वाटते, ते सांगितलं, पण त्यांचं दुःख लाल पेटीचं होतं, त्याला मी काय उत्तर देणार.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते 'ह्यर्टेलोबर', म्हणजे हृदयासाठी धावणारे. कुणाला कार्डियाक अरेस्ट आला आणि 112 ला फोन गेला की जवळपासच्या नोंदणी केलेल्या लोकांच्या मोबाईलवर अलार्म वाजतो, काहींना सांगतात थेट घरी पळा आणि छाती दाबायला लागा, काहींना सांगतात अमुक भिंतीवरचं शॉक देणारं मशीन घेऊन या. आमच्या ह्यांनी नाव दिलंय. एका रविवारी पोहे परतत होते, फोन असा काही बोंबलला की मी घाबरलेच, गॅस माझ्यावर सोडून गडी चपलेवर पळाला. अर्ध्या तासाने आला, म्हणाला माझ्या आधी तिघं पोचले होते, मी मशीन घेऊन नुसता उभा राहिलो, नंतर अ‍ॅम्ब्युलन्स आली. पोहे करपले होते, आम्ही गपचूप खाल्ले.

हे अ‍ॅप आपल्याकडे उद्या कुणी पण बनवेल, आपली पोरं त्यात हुशार. पण इथे ते चालतं कारण कुठल्या भिंतीवर कुठलं मशीन आहे आणि किती वाजेपर्यंत हाताला लागेल याची यादी नीट ठेवलेली असते, आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढायला 2006 पासून फर्स्ट एडचा कोर्स सक्तीचा आहे, त्यामुळे छाती कशी दाबायची हे बऱ्याच जणांना माहिती असतं. उगाच इथलंच कौतुक नको, बाबांनी सही-शिक्क्याचा डिजिटल सातबारा 15 रुपयात घरबसल्या काढला तेव्हा मी इकडे सगळ्यांना सांगत सुटले होते, तलाठी ऑफिसच्या किती चकरा वाचल्या. फक्त त्यात आजोबांचं नाव चुकलेलं होतं आणि ते दुरुस्त करायला चकरा माराव्या लागल्याच.

बाबांवरून आठवलं. ऑर्हुसच्या बंदरावर डोक्क-1 म्हणून मोठी लायब्ररी आहे, 2015 ला उघडली, सरकारी कामांची खिडकी पण त्याच छताखाली, म्हणजे पासपोर्टला आलेला माणूस पुस्तक घेऊन जातो. तिथे आत साधारण तीन टनांची एक लांबच्या लांब नळीसारखी घंटा टांगलीये. शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटल आहे, तिथे बाळ झालं की आईबापांनी एक बटण दाबायचं, घंटा इथे वाजते. माझ्या बाळंतपणाला आई-बाबा आले होते, आई माझ्याजवळ, आणि बाबांना हॉस्पिटलात बसवेना म्हणून ते डोक्क-1 ला जाऊन पेपर वाचत बसले होते. आम्ही बटण दाबलं आणि मग त्यांना फोन केला. तर म्हणाले, दुपारपासून दोनदा वाजली, पहिल्यांदा सगळ्यांनी माना वर केल्या म्हणून मी पण केली, दुसऱ्यांदा मी आपला उभाच राहिलो. ती दुसरी आपलीच, असं ते अजून गावात सांगतात, आणि वेळा जुळवून बघायला आम्ही कोणी गेलेलो नाही.