संगमनेर ते नाशिकरोड : कोरड्या दिवसांतली वारी

नाशिकरोडचे बाळ येशूचे मंदिर आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तेथे यात्रा भरते आणि पुणे रस्ता माणसांनी फुलून जातो. मुंबईहून, वसईहून, गोव्याकडून लोक येतात, आणि मराठी, कोकणी, इंग्रजी, तामिळ अशा निरनिराळ्या भाषांतून दिवसभर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासना, होत राहतात. लहानपणापासून ही यात्रा मी घराच्या उंबऱ्यातून पाहत आले. ज्याचे घर देवाच्या दारात, त्याला वारी घडायची कशी, हा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे होता. म्हणून यंदा मी यात्रेच्या आठवड्यात संगमनेरजवळ आजोळी गेले आणि तेथून दरवर्षी निघणाऱ्या सतरा जणांच्या गटाबरोबर सुमारे ७० किलोमीटर चालत माझ्याच घराकडे आले.

मात्र जाण्याचे खरे कारण मी आजीलादेखील सांगितले नव्हते. गेले दीड वर्ष माझी प्रार्थना कोरडी पडली होती. सोळाव्या वर्षी परमप्रसादाच्या, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या पवित्र भाकरीच्या, आराधनेत गुडघे टेकले की माझे डोळे भरून येत, आणि ते पाणी कशाचे आहे हे मला विचारावे लागत नसे. मिस्सेत गायला उभी राहिले की शब्दागणिक कोणीतरी ऐकत आहे याची खात्री वाटे. तेविसाव्या वर्षाच्या सुमारास ही खात्री कोणतीही घटना न घडता, कोणतेही मोठे पाप न करता, हळूहळू निघून गेली. जपमाळेचे मणी बोटांखालून सरकत आणि मन भिंतीसारखे समोर उभे राही. दर रविवारी मी गायनमंडळात स्तोत्र गात होते, लहान मुलांना धर्मशिक्षण देत होते, आणि मिस्सा संपल्यावर कोणी ‘तुझ्या आवाजात फार भक्ती आहे’ असे म्हटले की घरी येऊन मला रडावेसे वाटे, आणि रडूही येत नसे.

या काळात मला दिलासा कमी आणि निदानेच जास्त मिळाली. युवकांच्या एका शिबिरात एका मार्गदर्शकाने सर्वांसमोर सांगितले की ज्याला देव जाणवत नाही त्याने काहीतरी दडवलेले असते. मी त्यानंतर महिनाभर स्वतःच्या मनाची झडती घेत राहिले, पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देताना, त्याच त्या बारीकसारीक गोष्टी पुन्हा सांगू लागले, आणि कोरडेपणात भीतीची भर पडली. तरुण मुलामुलींशी असे बोलणे घातक आहे असे मला आज ठामपणे वाटते.

ज्या वृद्ध धर्मगुरूंकडे मी शेवटी गेले, त्यांनी आधी माझी झोप, जेवण आणि कामातले लक्ष यांची चौकशी केली. मैत्रिणींमध्ये हसू येते का, आवडती गाणी अजून आवडतात का, असेही त्यांनी विचारले. मला ते प्रश्न विषयाला सोडून वाटले. नंतर त्यांनी समजावले की सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, तर आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायला हवे आणि त्यात श्रद्धेची काहीही नाचक्की नाही. मग त्यांनी ‘क्रुसाचा संत योहान’ या स्पेनमधल्या संन्याशाने सोळाव्या शतकात सांगितलेल्या तीन खुणा माझ्यापुढे ठेवल्या. पहिली, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण तिच्या बदल्यात जगातल्या दुसऱ्या कशातही मन रमत नाही. दुसरी, आपण देवाची सेवा करण्यात मागे पडत आहोत अशी टोचणी सतत लागून राहते. तिसरी, पूर्वीसारखे चिंतन करायचे म्हटले तरी ते जमत नाही. त्या दुसऱ्या खुणेपाशी मी थांबले, कारण ती टोचणी माझ्या ओळखीची होती. ज्याला देवाची पर्वाच उरलेली नाही त्याला ती लागत नाही, असे फादर म्हणाले. ‘तुला त्याची उणीव भासते आहे ना, मग नाते तुटलेले नाही. आता यात्रेला चालत जा, आणि काही मिळवायला म्हणून जाऊ नकोस.’

गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. पुढे एक साधा लाकडी क्रूस, मागे बाळ येशूचे छोटे चित्र लावलेली हातगाडी आणि तिच्यात आमच्या पिशव्या व पाण्याचे जार. कऱ्हे घाट चढेपर्यंत थंडी होती, त्यानंतर ऊन लागू लागले. दर तासाला एक जपमाळ म्हणायची असा नेम होता आणि आवाज चांगला म्हणून ती सुरू करण्याचे काम माझ्याकडे आले. मला ते नको होते. ट्रकच्या आवाजावर आपला आवाज चढवत मी दूतवंदना, म्हणजे जपमाळेतली मारियेची प्रार्थना, म्हणत होते आणि प्रत्येक वेळी मागून सोळा आवाजांनी उत्तर येत होते. दुपारपर्यंत मी एवढेच म्हणू शकत होते की पाय चालत आहेत आणि ओठ हलत आहेत.

नाशिकच्या माणसाला पायी चालणाऱ्यांचे नवल नाही. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तीनाथांच्या समाधीकडे त्र्यंबकेश्वरला निघालेल्या दिंड्या मी शाळेत असल्यापासून पाहिल्या आहेत, आणि आषाढीसाठी निघालेली नाथांची पालखी नाशिकहून याच बाजूने सिन्नरकडे येते. आम्ही त्या वाटेने उलटे चाललो होतो. पहिल्या रात्री नांदूर शिंगोटे येथे विठ्ठलाच्या एका देवळाच्या सभामंडपात आमची सोय झाली. आमचा क्रूस भिंतीला टेकवून ठेवला होता. आम्ही सतरंजीवर बसून संध्याकाळची प्रार्थना केली, तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्या शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी कोणाला काहीच विचारले नाही. आमच्या गटातल्या मावशींनी त्यांना खोबऱ्याची वडी दिली आणि त्यांनी आमच्यासाठी सकाळी चहा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दोडीच्या अलीकडे एका डाळिंबाच्या बागेत आम्ही दुपारच्या विसाव्याला थांबलो. बागेचे मालक, साठीचे गृहस्थ, आम्हाला पाणी देऊन बांधावर बसले. निम्म्या बागेत झाडांवर बारीक तांबूस कळी दिसत होती. ती कशी आली हे मी सहज विचारले, तर त्यांनी आंबे बहाराची सगळी हकीकत सांगितली. डिसेंबरात बागेचे पाणी तोडायचे. याला ताण देणे म्हणतात. झाड पिवळे पडते, पानगळ होते, बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बाग गेली. मग जानेवारीत खते घालून पहिले पाणी द्यायचे, आणि त्यानंतर कळी निघते. ‘सारखं पाणी पीत राहिलं तर झाड नुसतं पाल्यावर जातं, ताई. फळ धरत नाही.’

माझ्या मनात काय आले असेल हे सांगायला नको. पण त्यांनी लगेच पुढचेही सांगितले, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. ताण किती दिवस द्यायचा हे जमीन पाहून ठरवावे लागते. हलक्या मुरमाड रानात थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या रानात जास्त लागतात. अंदाज चुकला तर झाड दगावते. शिवाय मर रोगानेही झाड पिवळे पडते, आणि त्या झाडाला ताण पडला आहे असे समजून गप्प बसणारा शेतकरी झाड गमावतो. म्हणजे फादरांनी झोपेबद्दल आणि जेवणाबद्दल जे विचारले होते, तेच हे गृहस्थ झाडाबद्दल सांगत होते. प्रत्येक सुकलेल्या माणसाला ‘देव तुझी परीक्षा घेत आहे’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी त्या बांधावर तासभर बसावे, असे मला मनापासून वाटले.

त्या संध्याकाळी सिन्नरला पोहोचलो तेव्हा माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि घसा बसला होता. रात्रीच्या जपमाळेत तिसऱ्या रहस्याला, म्हणजे तिच्या पाच भागांपैकी तिसऱ्या भागाला, मला झोप लागली. जागी झाले तेव्हा ओशाळून मी मावशींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘अगं, बाळ येशूची तेरेजासुद्धा प्रार्थनेत झोपायची. लेकरू झोपलं म्हणून आई रागावते का?’ मावशी सातवी शिकलेल्या आहेत आणि संतांची चरित्रे त्यांना तोंडपाठ आहेत. बाळ येशूची तेरेजा, फ्रान्समधल्या लिझ्यूची ही संन्यासिनी, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली, आणि १८९६ च्या पुनरुत्थान सणापासून (ईस्टरपासून) अखेरपर्यंतचे तिचे दीड वर्ष श्रद्धेच्या दाट अंधारात गेले. मी आज चोवीस वर्षांची आहे. ‘बाळ येशूची’ हे नाव लावणारी ती मुलगी त्या दीड वर्षात प्रार्थना करीतच होती, हे मला माहीत होते, पण बाळ येशूच्याच वाटेवर, सुजलेल्या पायांनी ऐकताना ते प्रथमच माझ्या कामाचे वाटले.

फादरांनी आणखी एक गोष्ट करायला सांगितली होती. नाशिकरोडचे मंदिर जेझुईट या कॅथलिक संघाच्या फादरांकडे आहे आणि त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांना १५२२ मध्ये स्पेनमधल्या मन्रेसा येथे अशाच कठीण काळातून जावे लागले होते. त्यांची शिकवण अशी की मन विषण्ण असताना आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये, आणि ठरलेली प्रार्थना कमी करण्याऐवजी ठरल्यापेक्षा थोडी अधिक वेळ करावी. तीन महिने मी रोज पंधरा मिनिटे बसायचे ठरवत होते आणि चौदाव्या मिनिटाला उठत होते. सिन्नरच्या त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मुद्दाम सतरा मिनिटे बसले. काहीही झाले नाही. ८८वे स्तोत्र वाचले. बायबलमधील बहुतेक विलापांच्या शेवटी आशेचा एखादा सूर येतो, पण हे स्तोत्र अंधाराच्या शब्दावर संपते, आणि तरीही पहिल्या ओळीपासून ते देवालाच उद्देशून आहे. त्याला तसेच्या तसे पवित्र ग्रंथात ठेवणाऱ्यांचे मला आभार मानावेसे वाटले.

शनिवारी पहाटे चार वाजता मोहदरी घाट उतरायला लागलो. जपमाळ सुरू करायची वेळ आली, मी तोंड उघडले आणि आवाजच फुटला नाही. खाकरून पुन्हा प्रयत्न केला, तरी हवाच बाहेर आली. क्षणभर सगळे थांबले. मग माझ्या मागून मावशींनी त्यांच्या बेसूर, चिरक्या आवाजात सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उत्तर दिले. शिंदे, पळसे, चेहेडीचा दारणेवरचा पूल अशा पाच तासांच्या वाटेत एकही शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आवाज चांगला असल्यामुळे इतकी वर्षे मी नेहमी पुढे उभी राहून म्हणत आले होते. त्या दिवशी मी रांगेच्या मध्ये होते. पुढचे म्हणत होते, मागचे उत्तर देत होते, आणि त्या दोन आवाजांच्या मधून मी लंगडत चालले होते. माझी प्रार्थना माझ्या आवाजावर आणि माझ्या भावनेवर उभी आहे असे मी धरून चालले होते. ती दोन्ही नसतानाही त्या पहाटे प्रार्थना चालू होती आणि मी तिच्यात होते, हे मी पायांनी अनुभवले. याला आनंद म्हणता येणार नाही. पाठीवरची पिशवी कोणीतरी न सांगता उचलावी, तसे काहीसे वाटले.

नऊच्या सुमारास आम्ही नाशिकरोडला पोहोचलो. घराच्या गल्लीचे तोंड ओलांडून पुढे जाताना विचित्र वाटले. मंदिरात दर्शनाची रांग दीड तासाची होती. रांगेत उभी असताना मला युरोपातल्या प्राग शहरातल्या बाळ येशूच्या मूळ मूर्तीची गोष्ट आठवत होती. जेमतेम हातभर उंचीची ती मूर्ती १६२८ मध्ये पोलिक्सेना लॉब्कोविच यांनी तेथील कार्मेल संघाच्या संन्याशांना दिली. १६३१ मध्ये सॅक्सन सैन्य शहरात शिरले, संन्यासी पांगले, आणि मूर्ती वेदीमागच्या अडगळीत फेकली गेली. संन्यासी परतले, प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या, पण मूर्ती १६३७ मध्ये फादर सिरिल यांना सापडली तोपर्यंत धुळीतच होती, आणि तिचे दोन्ही हात तुटलेले होते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या तुटक्या हातांचे वाईट वाटायचे. या वेळी मी त्या मधल्या वर्षांचा विचार करत होते. संन्यासी वेदीसमोर रोज प्रार्थना म्हणत होते, आणि बाळ येशू वेदीच्या मागेच, काही पावलांवर होता. त्यांना तो दिसत नव्हता.

माझी पाळी आली. मी वर पाहिले. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल, अंगावर झगमगता झगा, सगळे आयुष्यभर पाहिलेलेच. डोळ्यांत पाणी आले नाही. मी वाटही पाहिली नाही. मनात काही मागितलेही नाही, फक्त ‘आले आहे’ एवढेच म्हटले. स्वयंसेवक पुढे सरका म्हणाला, तेव्हा मी पुढे सरकले, आवारात एका झाडाखाली जागा धरली आणि घड्याळ लावून सतरा मिनिटे बसले. शेजारी मावशी बुटातले खडे झटकत होत्या. त्यांनी माझ्या टाचांना मलम लावले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

सोमवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सेला मी गेले. घसा अजून बसलेलाच होता, म्हणून गायनमंडळात न जाता मागच्या बाकावर बसले.