मागच्या रांगेतली आजी

मंगळवार

आमच्या घरात आजीचा एकटीचा फोटो नाही. आजोबांचे आहेत. एक कोट-टोपीतला, एक शाळेतल्या सत्काराचा, एक गणपतीपुढे आरती करतानाचा. बाबांचे आणि काकांचे तर स्टुडिओत जाऊन काढलेले आहेत, मागे रंगवलेला पडदा आणि बाजूला फुलांची कुंडी. आजी मात्र कायम घोळक्यात. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. बारशाच्या फोटोत पाळण्याच्या पलीकडे अर्धी. तिच्या एकटीचा म्हणावा असा एकच, मतदार ओळखपत्रावरचा. निवडणूक आयोगाने १९९३ साली ही ओळखपत्रं सुरू केली. आमच्या वाडीतल्या तिच्या वयाच्या बायका त्यासाठीच पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर एकट्या बसल्या, असं आई सांगते. त्या फोटोत आजी करडी, धुरकट दिसते आणि घाबरल्यासारखी वाटते. ती घाबरट अजिबात नव्हती. तो फोटो मी वापरणार नाही.

चतुर्थीला दोन्ही आत्या मुंबईहून येणार आहेत. मोठी आत्या मागे फोनवर बोलता बोलता म्हणाली होती, "माका आयेचो एक फोटो व्हयो होतो गो. थंय घरात खंय आसा काय बघ." बोलली आणि दुसऱ्या विषयावर गेली. माझ्या मनातून ते काही गेलं नाही. एवढ्या लेकी, सुना, नातवंडं, आणि लेकीला आईचा फोटो मागून घ्यावा लागतो.

मोठी फ्रेम करून दिली तर मुंबईच्या खोलीत ती लावायची कुठे, म्हणून पेंडंट करायचं ठरवलं. गळ्यात राहील. कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, हे तिचं ती ठरवेल.

कृती अवघड नाही. जत्रेत देवांच्या चित्रांची लॉकेट मिळतात, लहानपणी कुंकेश्वराला गेलं की आम्ही हट्ट करून घ्यायचो, त्याच जातीचं काम. मागून सपाट आणि पुढून फुगीर असा काचेचा खडा लागतो, बाजारात त्याला कॅबोशॉन म्हणतात. त्याच्या मापाचा, काठ असलेला धातूचा बेस लागतो. दोघांच्या मध्ये फोटो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर असलं सामान मिळतं, चुलतभावाने तिथूनच पाठवलं. खडे मी २५ मिलिमीटरचे गोल मागवले, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढे. १२ मिलिमीटरचेही येतात, पण ते कानातल्यांसाठी. तेवढ्यात चेहरा ओळखू येत नाही. बेस मुद्दाम स्टेनलेस स्टीलचे घेतले. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पितळ काळवंडतं, घामाने हिरवं पडतं, आणि स्वस्तातल्या मिश्रधातूवरचा मुलामा उडायला वेळ लागत नाही. हे पेंडंट आत्यांनी रोज घालावं, पुढे त्यांच्या लेकींनी घालावं, असं मला वाटतं.

गुरुवार

माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. झाकण उघडल्याबरोबर तो कुबट वास आला.

कोकणातल्या घरांत फोटो कसे मरतात ते मला आता पाठ झालंय. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. ओल लागली की जिलेटिन फुगतं, चिकट होतं, आणि बुरशीला ते आयतं अन्न. भिंतीवरच्या फ्रेममध्ये फोटो थेट काचेला टेकलेला, मागची भिंत पावसात पाझरलेली. एकदा का तो काचेला चिकटला की संपलं. ओढून सोडवायला गेलं तर चेहरा काचेवर राहतो आणि नुसता कागद हातात येतो. असा फोटो काढायच्या फंदात पडूच नये, काचेसकट स्कॅन करावा. मी सगळ्यांना हे सांगत असते, कारण चतुर्थीच्या साफसफाईत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी एखादा फोटो असाच जातो.

ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तर ट्रंकेत बंद राहूनही लाल पडलेत. तीन रंगांतला निळा-हिरवा आधी उडतो, मागे राहतो तो लालसरपणा. धाकट्या आत्याच्या लग्नाचा अख्खा अल्बम असा झालाय, समुद्राच्या रंगाचा शालू विटकरी दिसतो. त्यामानाने कृष्णधवल फोटो टिकलेत. त्यांत चित्र चांदीच्या कणांचंच असतं. ओलीने ती चांदी वर येते आणि तिरकं धरलं की कडांना चकाकते. मधलं माणूस मात्र शाबूत असतं.

त्यातच मोठ्या काकांच्या लग्नातला ग्रुप फोटो मिळाला. मांडव, पुढे खुर्च्यांवर पुरुष मंडळी, जमिनीवर मुलं, आणि मागे बायका. डावीकडून तिसरी आजी. भिंग लावून बघितलं. कपाळावर मोठं कुंकू, कानात कुड्या, केसांत अबोलीचा वळेसर, तो कृष्णधवलमध्ये करडा आलाय. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तिची नजर उजवीकडे आहे, बहुतेक पंगतीकडे. पानं वाढली की नाही ते बघत असणार. ओठ किंचित उघडे, कुणाला तरी काहीतरी सांगताहेत. ही माझी आजी. ओळखपत्रावरची नव्हे.

चेहरा पट्टीने मोजला तर हनुवटीपासून केसांपर्यंत जेमतेम ६ मिलिमीटर. एवढ्याशा चेहऱ्यातून पेंडंट होईल का? हिशेब केला. १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं तर ६ मिलिमीटरचे २८० च्या वर ठिपके मिळतात, आणि ते ३०० डीपीआयने छापले तर चेहरा २४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे खड्यात भरून उरेल एवढा. मूळ फोटो चांगल्या कॅमेऱ्याचा आणि नीट फोकसमधला असेल तर एवढं जमून जातं, आणि हा होता. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनर आहे. स्कॅनर जवळ नसेल त्यांनी मोबाईलने घ्यावा, पण फ्लॅश बंद करून, खिडकीजवळ, फोटो सपाट ठेवून. पावसाळ्यातला ढगाळ उजेड या कामाला फार चांगला, कुठेही चकाकी येत नाही.

मूळ फोटोला कात्री लावायची नाही, हे मात्र पक्कं. लॉकेटसाठी जुन्या फोटोतले चेहरे गोल कापून घेतलेले मी लोकांच्या घरी पाहिलेत. भोक पडलेला तो ग्रुप फोटो बघवत नाही.

शनिवार

चौकोनी फोटोतला माणूस गोलात बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. यासाठी मला सावंतवाडीच्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची आठवण झाली. ती पानं गोल असतात. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं, आणि प्रत्येक अवताराच्या राजाचं आणि प्रधानाचं चित्र त्या छोट्या वर्तुळात बसवलेलं. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ही कला पुन्हा उभी केली. आजही राजवाड्यात गेलं तर चित्रकार रंगवताना दिसतात. मी तिथे गेले की बराच वेळ नुसती बघत उभी राहते. मत्स्य असो की राम, आकृती काठाला कधी घुसमटत नाही. भोवती रंगाची मोकळी पट्टी सोडलेली असते.

तेच इथे केलं. चेहरा २४ मिलिमीटर होत असला तरी छापला १५ चा, म्हणजे वर अबोली आणि खाली खांद्यावरचा पदर दोन्ही आले. फुगीर काच चित्र थोडं मोठं करून दाखवतेच, खडा पुरा अर्धगोल असता तर जवळजवळ दीडपट. आणि काठाशी चित्र वाकतं, तिथे हनुवटी आली तर माणूस ओळखू येत नाही. आजीची नजर उजवीकडे, म्हणून उजवीकडे थोडी जास्त जागा ठेवली. तिला बघायला जागा हवी.

छपाई लेझरवर, थोड्या जाड साध्या कागदावर करून घेतली. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, ओल्या गोंदाखाली ती पसरते आणि चेहऱ्याचा निळसर डाग होतो. लेझरची टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, कागदावर वितळवून बसवलेली. तिला पाण्याचं काही होत नाही. चकचकीत फोटोपेपरही टाळला. त्यावर प्लास्टिकचा थर असतो, गोंदातलं पाणी कागदातून बाहेर पडू शकत नाही आणि मधोमध पांढुरकं राहतं. आपल्याकडच्या पावसात तर ते वाळेचना.

सोमवार

आज चिकटवलं. जेवणं झाल्यावर पडवीतलं टेबल मोकळं केलं, दार लावून घेतलं, कारण धूळ नको आणि मांजर नको.

गोंद कोणता, यावर सगळं काम अवलंबून आहे. क्षणात चिकटणारा सायनोअॅक्रिलेट इथे नको. तो हवेतल्या ओलीवरच घट्ट होतो, त्याच्या वाफा काचेवर बसतात आणि पांढरी धुरी येते. दमट हवेत तर जास्तच. अतिनील दिव्याखाली कडक होणारं रेझिन पावसाला जुमानत नाही, ही त्याची मोठी सोय. पण ते उघड्या कागदात मुरतं आणि तेलकट डाग पाडतं, शिवाय ओलं असताना कातडीला लागलं तर काहींना अॅलर्जी होते, हातमोजे घालूनच वापरावं लागतं. मी पाण्यात मिसळणारा, वाळल्यावर पूर्ण पारदर्शक होणारा घट्टसर गोंद घेतला. वेळ लागतो, लागू दे.

आधी खडा स्पिरिटने पुसला. बोटांचे ठसे आत राहिले तर कायमचे राहतात. मग चिमट्याने धरून फोटोवर ठेवून बघितला, अजून गोंद न लावता. आजी दिसत होती, पण मध्ये दुधाळ पडदा होता. काच आणि कागद यांच्यात हवेची पातळ फट असते, आणि काच-हवेच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत उडतो. त्या परतलेल्या उजेडाने काळा रंग करडा दिसतो.

सपाट बाजूच्या मधोमध गोंदाचा एक थेंब टाकला, फोटो वर केलेल्या कागदावर खडा हलकेच टेकवला आणि अंगठ्याने दाबला. थेंब मधून काठाकडे पसरत गेला, बुडबुडे पुढे ढकलत. आणि पसरता पसरता, जिथे जिथे तो पोचला तिथे तिथे चित्र जागं झालं. आधी गाल, मग केस काळेभोर, मग कुंकू, आणि शेवटी कानातली कुडी, तिचा एकेक मोती वेगळा. गोंद प्रकाशाला जवळजवळ काचेइतकाच वाकवतो, त्यामुळे मधली सीमा उरतच नाही म्हणा ना. कारण मला ठाऊक होतं, तरी डोळे भरून आले. हा चेहरा इतक्या जवळून मी ती गेल्यानंतर पहिल्यांदाच बघत होते.

भिंतीवरच्या फ्रेममध्ये ओल हेच करते, हे तेव्हा लक्षात आलं. काचेला चिकटलेला भाग म्हणूनच बाकीच्या फोटोपेक्षा गडद, ओला दिसतो. फरक एवढाच की तिथे मूळ फोटो जातो. इथे मूळ ट्रंकेबाहेर, हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलाय.

काठाला आलेला गोंद इअरबडने टिपला. खडे पालथे, म्हणजे कागदाची बाजू वर करून, त्याच जातीच्या दुसऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवले, पुड्यांसकट. बाहेर ठेवले असते तर या हवेत किती दिवस दुधाळ राहिले असते कुणास ठाऊक. आई येऊन बघून गेली. आजीची सून ती, तिच्या हाताखाली वीसेक वर्षं काढलेली. म्हणाली, "अशीच बघायच्या. कोणी जेवल्याशिवाय जाता नये."

शुक्रवार

गोंद आता काचेसारखा स्वच्छ झालाय. वाढीव कागद नखांच्या कानशीने घासून काढला, पाठीवर गोंदाचा एक हात दिला म्हणजे घाम आत शिरणार नाही, आणि तो वाळल्यावर बेसमध्ये बसवले. दोन्ही आत्यांसाठी झाले. आईने काही मागितलं नव्हतं, तरी तिच्यासाठीही एक केलं. कुठलंही भिजवून चालणार नाही, आंघोळीला काढून ठेवायचं, हे आत्यांना बजावून सांगावं लागेल.

स्कॅन पडद्यावर मोठा करून बघताना मागच्या रांगेतल्या बाकीच्या बायकाही दिसल्या, आजीइतक्याच स्पष्ट. त्यांचेही एकटीचे फोटो त्यांच्या घरी असतीलच असं नाही. म्हणून ग्रुप फोटोची एक मोठी प्रत छापून घेतली आणि तिच्या पाठीवर, जिची तिची जागा बघून, मऊ पेन्सिलीने नावं लिहायला घेतलीयेत. पेनाची शाई ओलीने पुढे फुटते. आईने पाच नावं सांगितली. एक माझी मावसआजी निघाली, जिला मी कधी पाहिलेलंच नाही. उजव्या टोकाच्या दोघी आईला ओळखता येत नाहीत. त्यातली एक खालच्या वाडीतल्या काकूंची सासू असावी, असं तिला वाटतं. उद्या पाऊस जरा उघडला तर प्रत घेऊन काकूंकडे जाऊन येईन. आणखी चार खडे शिल्लक आहेत.