छंदाचा कर्नल: डर्टी पेजचा हिशोब लागला, राइटबॅक अर्ध्यावर

छंद म्हणून मी स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, लिहितोय. मागच्या नोंदीत पेज कॅशपर्यंत आलो होतो. फाइल एकदा वाचली की तिची पेजेस (ठराविक आकाराचे तुकडे) मेमरीत राहतात, पुन्हा मागितली तर डिस्कला हात लागत नाही, इथवर सगळं सुरळीत होतं. लिहिणं मात्र राइट-थ्रू होतं. प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) राइट म्हटलं की कर्नल तिथेच अडून बसायचा, व्हर्टिओ डिस्कवर (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवर) उतरेपर्यंत. सोयाबीन घरात येईस्तोवर कीबोर्डकडे बघायला सवड नव्हती. आता ते निघालं आणि कापसाच्या वेचणीला थोडा अवकाश आहे, म्हणून राइटबॅक हाती घेतलं: लिहिलेलं पेज डर्टी म्हणून मेमरीतच ठेवायचं, प्रोसेसला लगेच मोकळं करायचं, आणि फ्लशर थ्रेडने (कर्नलमध्ये मागे चालणाऱ्या कामगाराने) ते सवडीने डिस्कवर उतरवायचं.

ऐकायला हे एका बिटाचं काम वाटतं. फ्लशर थ्रेड खरंच एका बैठकीत झाला. वेळ खाल्ला तो मोजणीने. आत्ता किती पेजेस डर्टी आहेत हा आकडा भरवशाचा नसेल तर लिहिणाऱ्याला कधी थोपवायचं हे ठरवताच येत नाही, आणि ते ठरत नसेल तर राइटबॅक म्हणजे नुसती उधारी.

मी दोन काउंटर ठेवलेत, डर्टी आणि राइटबॅक. पेज पहिल्यांदा डर्टी झालं की पहिला वाढतो. आधीच डर्टी असलेल्या पेजवर पुन्हा लिहिलं तर काही होत नाही. फ्लशरने पेज उचललं की डर्टी बिट आधी उतरवायचा, डर्टी काउंटर कमी करायचा, राइटबॅक वाढवायचा, आणि मग विनंती डिस्ककडे द्यायची. हा क्रम उलटा चालत नाही. डिस्कचं काम संपल्यावर बिट उतरवला, आणि मधल्या काळात कोणी त्याच पेजवर नवं लिहिलं असेल, तर ते नवं लिखाण स्वच्छ समजलं जाऊन कायमचं हरवतं. आधी उतरवला तर असं पेज राइटबॅक चालू असतानाच पुन्हा डर्टी होतं आणि पुढच्या फेरीत परत जातं. लिनक्सही याच क्रमाने करतो.

डर्टी पेज संपण्याची आणखी एक वाट बहुतेकांच्या छंद-कर्नलमध्ये राहून जाते: फाइल डिस्कवर न जाताच मरते. तात्पुरती फाइल बनवली, लिहिली, लगेच काढून टाकली. तिची डर्टी पेजेस फ्लशरला कधी दिसतच नाहीत, ट्रंकेट (फाइल छाटणारा कोड) त्यांना कॅशमधून थेट बाहेर काढतो. तिथेही डर्टी काउंटर उतरवावा लागतो, नाहीतर आकडा फक्त चढत जातो आणि दिवसभराने कर्नलला वाटतं की मेमरी डर्टी पेजेसनी भरली आहे. माझ्याकडे आता एकच फंक्शन पेज स्वच्छ करतं. फ्लशर असो की ट्रंकेट, दोघांनाही त्याच दारातून जावं लागतं.

काउंटर प्रत्येक सीपीयूचा वेगळा ठेवलाय, दर पेजला लॉक नको म्हणून. एक सीपीयू पेज डर्टी करतो, दुसरा स्वच्छ करतो. त्यामुळे एकाच्या खात्यावर अधिक १ आणि दुसऱ्याच्या खात्यावर उणे १ पडतो. बेरीज बरोबरच असते. पण बेरीज चालू असताना मध्येच बदल झाला तर उत्तर क्षणभर उणे येऊ शकतं, आणि ते अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेली संख्या) म्हणून छापलं तर कन्सोलवर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असा भोपळा उगवतो. त्यावर इलाज लिनक्सचाच: खाती साइन्ड ठेवायची आणि बेरीज उणे आली तर ० मानायची.

आता मर्यादेचा प्रश्न. लिनक्समध्ये मूळ सेटिंग टक्क्यांत आहे: डर्टी पेजेस १० टक्क्यांवर गेली की मागे फ्लशर जागा होतो, २० टक्क्यांच्या मर्यादेवर लिहिणाऱ्यालाच अडवलं जातं. हे टक्के एकूण रॅमचे नसून मोकळी मेमरी आणि फाइल कॅश मिळून जी होते तिचे असतात. फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांहून जुनं डर्टी पेज लिहायला काढतो. कल्पना चांगली आहे, अर्धा मिनिट न जगणाऱ्या फाइलींसाठी डिस्क फिरवायची नाही. पण धरा, ८ जीबीच्या लॅपटॉपवर अशी ६ जीबी मेमरी आहे आणि समोर ५ एमबी प्रति सेकंदाने लिहिणारा स्वस्तातला पेनड्राइव्ह आहे. १० टक्के म्हणजे ६०० एमबी. ते उतरायला २ मिनिटं.

याचा प्रयोग घरातच पाहायला मिळाला. माझा चुलतभाऊ गावात ऑनलाइनचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, सगळं. त्याच्या मशीनवर लिनक्स मीच टाकून दिलंय. एका काकांना लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर देताना बार भरला न भरला तोच भावाने पेनड्राइव्ह काढायला हात घातला.

"थांब, अजून लिहून राहिला तो," मी म्हटलं.

"काय लिहून राहिला भाऊ? बार तं पूर्ण भरला."

टर्मिनल उघडून मेमइन्फो या मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमधल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी दर सेकंदाला दिसतील असं लावून दिलं. डर्टीचा आकडा ४ लाख किलोबाइटच्या वर होता आणि संथ उतरत होता. फाइल मॅनेजरच्या मते काम झालेलं, आणि त्याच्या हद्दीत ते खरंही होतं, कारण त्याची राइट कॉल केव्हाच परत आलेली. "हे दोन्ही शून्याजवळ येऊ दे, मग इजेक्ट कर अन् काढ," म्हटलं. "हे पहिलेच सांगाचं नं मंग!" काका तोवर खुर्ची ओढून निवांत बसले होते. भावाच्या मशीनवर नंतर टक्के काढून बाइट टाकले, बॅकग्राउंड (फ्लशर जागा होण्याची पातळी) १६ एमबी आणि मर्यादा ४८ एमबी. आता बार रखडतो, पण जवळपास खरं बोलतो.

माझ्या कर्नलमध्ये म्हणून मर्यादा टक्क्यांतही नाही आणि बाइटांतही नाही, सेकंदांत आहे. डिस्कचा लिहिण्याचा वेग मोजत राहायचा आणि ४ सेकंदांत उतरेल तेवढंच डर्टी साठू द्यायचं. त्याच्या अर्ध्यावर फ्लशर उठतो.  एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: सुरुवातीला वेग माहीत नसतो. लिनक्स १०० एमबी प्रति सेकंद धरून सुरू करतो आणि मोजत मोजत खाली-वर होतो. माझ्या १२८ एमबीच्या क्यूएमूमध्ये (कर्नल चालवून पाहायच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) तसं धरलं तर मर्यादा रॅमच्याही बाहेर जाते, म्हणून मी १ एमबीपासून वर चढतो.

लिहिणाऱ्याला अडवायचं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडला. २०१२ च्या आधी, म्हणजे ३.२ ही आवृत्ती येईपर्यंत, लिनक्समध्ये मर्यादा ओलांडणारी प्रोसेस स्वतःच पेजेस डिस्कवर उतरवत बसायची. पाच प्रोसेस लिहीत असल्या की पाचही जणी डिस्कच्या पाच टोकांना धावायच्या आणि हेड नुसतं नाचायचं. ३.२ मध्ये फेंगग्वांग वू यांच्या बदलाने ते थांबलं. लिहिणारी प्रोसेस आता फक्त झोपते आणि उतरवण्याचं काम एकट्या फ्लशरकडे. हंगामात जिनिंगवर असंच असतं. यार्डात गाड्या कमी असल्या की फाटकावरचा माणूस बघतही नाही, सरळ आत. यार्ड भरत आलं की तो एकेक गाडी अंतराने सोडतो, आणि मशीन किती कापूस ओढतेय त्यावर ते अंतर ठरवतो. यार्ड गच्च भरेपर्यंत वाट पाहून एकदम फाटक लावलं तर रस्त्यावर भांडणं लागतात.

सूत्र असं. बॅकग्राउंड आणि मर्यादा यांच्या मध्यापर्यंत कोणालाही अडवायचं नाही. तो मध्य आणि मर्यादा यांचा पुन्हा मध्य काढायचा, तो लक्ष्यबिंदू. लक्ष्यबिंदूतून सध्याचा आकडा वजा करा, मर्यादा आणि लक्ष्यबिंदू यांतल्या अंतराने भागा, घन करा, १ मिळवा. डिस्कच्या वेगाला याने गुणलं की लिहिणाऱ्याला मिळणारा वेग निघतो. क्यूएमूची डिस्क मी ८ एमबी प्रति सेकंदावर बांधलीय, म्हणजे ४ केबीच्या पेजेसमध्ये मर्यादा ८१९२, बॅकग्राउंड ४०९६, मोकळीक ६१४४ पर्यंत, लक्ष्यबिंदू ७१६८. आकडा ७१६८ असेल तर गुणक बरोबर १. ७६८० ला ०.८७५, ७९३६ ला ०.५७८, आणि ८१९२ ला शून्य. घनामुळे लक्ष्याजवळ वक्र जवळजवळ सपाट आहे, तिथे उगाच धक्के बसत नाहीत, आणि कडेला तो एकदम कोसळतो. कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट वापरायचं नसतं, म्हणून १ च्या जागी १०२४ धरून सगळं पूर्णांकात केलंय, ०.८७५ म्हणजे ८९६. तुलनेला घ्यायचा आकडा मात्र डर्टी आणि राइटबॅक यांची बेरीज हवी. फ्लशरला उठवताना फक्त डर्टी पाहायचा.

आता लाइनचं. आमच्याकडे लाइन जायला काळवेळ लागत नाही, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी बसलेली आहे, त्यामुळे हा प्रयोग आपोआपच अधूनमधून होतो. पण मुद्दाम करायचा तर क्यूएमूच्या प्रोसेसला किल ९ (जागीच संपवायची आज्ञा) मारायचं. गेस्टने (क्यूएमूच्या आतल्या माझ्या कर्नलने) डिस्कला दिलेलं सगळं होस्टच्या (बाहेरच्या लॅपटॉपच्या) कॅशमध्ये शाबूत राहतं, आणि गेस्टच्या मेमरीत डर्टी होतं तेवढंच मरतं, म्हणजे नेमकं माझ्याच कोडचं नुकसान वेगळं मोजता येतं. मग डिस्कच्या इमेजवर ई२एफएससीके (फाइल सिस्टम तपासणारं साधन) फक्त तपासणीच्या मोडमध्ये चालवतो. माझी फाइल सिस्टम ईएक्सटी२ आहे, जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नाही, त्यामुळे बिटमॅप (कोणती जागा वापरात आहे याचा तक्ता) गेला पण आयनोड (फाइलची मूळ नोंद) राहिला असले प्रकार निघतातच. उठण्याचा काळ १ सेकंद आणि पेजचं वय ५ सेकंद केल्यावर तक्रारींची यादी बरीच आखूड झाली. डिस्क जास्त फिरते हे कबूल. इथे ते परवडतं.

प्रोसेसच्या गटांनुसार हिशोब सध्या फक्त मोजणीपुरता आहे. कॅशमध्ये पेज ज्या गटाने पहिल्यांदा आणलं त्याच्या नावावर ते लागतं, नंतर डर्टी कोणीही करो. लिनक्सचा मेमरी कंट्रोलरही असंच करतो. अडचण फ्लशरच्या बाजूला येते. मेमरी पेजवार मोजली जाते आणि डिस्कवर उतरवणं फाइलवार होतं. एकाच फाइलमध्ये दोन गटांची पेजेस असतील तर डिस्कचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा? सीग्रुपच्या (लिनक्समधल्या प्रोसेस-गटांच्या सोयीच्या) पहिल्या आवृत्तीत मेमरी आणि डिस्कची झाडंच वेगळी होती, त्यामुळे बफरमधून जाणारं लिखाण फ्लशरच्या, म्हणजे मूळ गटाच्या, खात्यावर पडायचं. २०१५ मध्ये ४.२ आला तेव्हा तेजुन हिओ यांनी याचा बंदोबस्त केला: आयनोडला एक मालक गट, आणि दुसराच गट सतत जास्त लिहीत असेल तर बहुमताने मालकी बदलते. मी मालक ठेवलाय, बहुमत नाही. माझ्या कर्नलवर एकूण दोनच गट आहेत, त्यांच्यात निवडणूक कशाला?

पुढचं काम एममॅप, म्हणजे फाइल थेट प्रोसेसच्या मेमरीत जोडणं. तिथे प्रोसेस कर्नलला न विचारता थेट मेमरीत लिहिते, काउंटरला पत्ताच लागत नाही. लिनक्सने २००६ मध्ये, २.६.१९ पासून, यावर उपाय केला: शेअर केलेलं स्वच्छ पेज राइट-प्रोटेक्ट ठेवायचं, पहिल्या लिखाणाला फॉल्ट (काम थांबवून कर्नलला बोलावणारा अडथळा) येऊ द्यायचा, तिथे मोजायचं. डिस्कवर उतरवायला उचललं की, लिहिण्याआधीच, पुन्हा प्रोटेक्ट. माझ्याकडे एक पेज कोणकोणत्या पेज टेबलांत (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशांत) लागलंय हे उलट शोधायची सोय अजून नाही, त्यामुळे ती आधी. हरभऱ्याच्या ओलिताला या आठवड्यात रात्रीची थ्री फेज आहे, पंपाचा ऑटो स्विच पण दगा देतो, तेव्हा पंपाकडे चक्कर आणि कोड आलटून पालटून चालेल. तुमच्यापैकी कोणी सगळ्या प्रोसेसची पेज टेबलं धुंडाळत हे केलं असेल, तर मॅपिंग किती वाढल्यावर ते असह्य झालं ते कळवा. तेवढ्यावर भागत असेल तर उलट शोध मी पुढे ढकलतो.